बारावा आकडा

भंडाऱ्याला, सेतू केंद्रवाल्यांच्या प्रशिक्षणात,
साहेबांनी फळ्यावर बारा घरं काढली.
म्हणाले, पहिल्या घरात शून्य येत नाही, एकही येत नाही.
पुढच्या दहांत काहीही. त्यांत गाव शोधू नका,
जात नाही, जन्मसाल नाही, बाई की पुरुष तेही नाही.
बारावा मात्र कोणी वाटलेला नसतो,
तो आधीच्या अकरांतून निघतो, हिशेबानं.
एक आकडा चुकला की चुगली करतो.
शेजारचे दोघे जागा बदलून बसले, तरी ओळखतो,
पंगतीत वाढपी ओळखतो तसा.
मागच्या बाकावरून कोणीतरी जेवणाची सुटी विचारली.
मी वहीत उतरवून घेतलं. वही अजून आहे,
तिच्यावर शाईपॅडचा जांभळा डाग आहे.

नोव्हेंबरात ओळ लागते. हयातीचा दाखला.
जिवंत आहोत हे सांगायला माणसं येतात,
सकाळी सातलाच पायरीवर चपला लावून
चहाला निघून जातात. चपला नंबर धरतात.

फुलवंता नेवारे आली ती रिकाम्या हातानं.
"पाठ हाये माले. टाक तू."
चार-चारच्या तीन घासांत सांगितलं तिनं,
मान किंचित हलवत, कुठं न अडखळता.
पहिल्यांदा मीच चुकलो, चोवीसचे बेचाळीस केले,
चौकट लाल झाली. पुन्हा टाकलं. हिरवी.
बाराव्यानं होकार दिला.

मग बोटं.
चाळीस वर्षं विड्या वळल्यात या बाईनं,
हजारावर हजार,
पानांनी रेषा पुसून नेल्यात,
अंगठा म्हणजे वैनगंगेतला गोटा.
कोमट पाणी दिलं. काच पुसली.
थोडं खोबरेल. उजवे पाच, डावे पाच.
ठसा जुळत नाही.
"डोरा पाह्य मंग."
डोळ्याचं यंत्र तालुक्याला, काकी.
मागे ओळ कुरकुरायला लागली.

कार्ड असेल ना घरी, म्हटलं.
नातू सायकलनं गेला, आला.
पिशवीत पिशवी, तिच्यात कार्ड, पिठाचा वास,
फोटोत ती कोणावर तरी चिडलेली.
खालचे आकडे वाचले. वेगळेच.
पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळे.

मग पाठ होता तो कोणाचा?

ती खुर्चीत जराशी मागे सरली.
"त्यायचा असंल.
रेशनच्या दुकानात, ब्यांकेत, दवाखान्यात
तोच सांगत होते ते, बहिऱ्याले सांगावं तसं.
सायकलवर मागं बसून मीबी म्हनत होतो संगं.
माहा कोनी इचारलाच नाई."

तीन वर्षं झाली नेवारेमामांना.
अर्धा तास आम्ही दोघं
त्यांच्या हयातीचा दाखला मागत होतो,
तिच्या बोटांवर.

यंत्राची चूक नव्हती. बाराव्याची तर नाहीच.
त्याला आपले अकरा ठाऊक.
त्या अकरांचा माणूस तळ्यावर जाळं टाकायला जायचा,
येताना बिडी पेटवायला केंद्राशी थांबायचा,
हे त्याच्या हिशेबात नाही.

तिचा टाकला. डाव्या हाताची करंगळी
तिसऱ्या खेपेला लागली.
पावती निघाली, फिकट; शाई संपत आलेली.

पिशवीत पिशवी घालून ती उठली.
दारातून वळली.
"त्यायचा मंग आता चालत नाई?"
आकडा बरोबर आहे, म्हटलं. तो बरोबरच येतो.
"मंग ऱ्हाऊ दे तो.
माहा तू कागदावर लिहून दे, मोठा.
पाठ एकच होते."

स्केचपेननं बारा आकडे काढले, चार-चारचे,
शेवटचा जरा तिरका आला.
तिनं घडी घातली, कमरेला खोचली.
मी बाहेर डोकावून विचारलं,
पुढची चप्पल कोणाची?